मऊ तबकडी

उमरग्यात नंदीशच्या दुकानाचा पत्ता विचारला तर लोक म्हणायचे, "ते थाळ्या कापणारं पोरगं व्हय? हायवेवरनं आत वळा, बॅटरीवाल्याच्या मागं." थाळ्या म्हणजे जेवायच्या नव्हेत बरं का. गाण्याच्या. तबकड्या. आपल्या आजोबांच्या काळात चहाच्या हॉटेलात वाजायच्या त्याच, फक्त या नव्या कोऱ्या आणि एकेकच. नंदीशकडं एक मशीन होतं. फिरत्या काळ्या थाळीवर त्याची सुई टेकली की आवाज रेघांत कोरला जायचा, आणि बाजूनं केसासारखा बारीक काळा धागा निघत राहायचा. गिऱ्हाईकं कोण? तर डीजे.

आता आपल्या धाराशिव जिल्ह्यात डीजे म्हटलं की टेम्पोवर रचलेली कर्ण्यांची भिंत आणि म्हाताऱ्यांच्या छातीत धडधड. नंदीशचे डीजे तसले नव्हेत. ते पुण्यात, बंगळुरात, हैदराबादेत दोन तबकड्या शेजारीशेजारी फिरवत ठेवायचे आणि बोटांनी पुढं-मागं ढकलून त्यातनं तिसरंच काही काढायचे. त्यांना हवा तो आवाज बाजारातल्या तबकडीत मिळत नाही. मग ते नंदीशला पाठवायचे, नंदीश कापायचा, कुरिअरनं परत जायची.

आणि प्रत्येकाचा प्रश्न ठरलेला, "किती टिकेल?"

या प्रश्नानं नंदीशचं डोकंच फिरायचं. "ते माझ्या हातात आहे का?" तो फोनवर ओरडायचा. "कडेनं धरा, मधल्या कागदावर धरा, काळ्यावर बोट लावू नका. उभी ठेवा, एकावर एक रचू नका. उन्हात गाडीत सोडलीत तर पापडासारखी वाकेल, मग मला फोन करू नका. सुईवर वजन कमी ठेवा. झिजलेली सुई म्हणजे सुई नव्हे, नांगर आहे नांगर! आणि कोरड्या फडक्यानं पुसताय? अहो, धूळ पुसली जात नाही, घासली जाते!"

पलीकडच्या खोलीत त्याची आई नागम्मा ज्वारी निवडत बसलेली असायची. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि राग आला की दोन्ही. हे पुराण ती रोज ऐकायची आणि शेजारणीला सांगायची, "आमच्या नंद्याच्या थाळ्यांचं लई सोवळं बाई. एवढं तर पूजा सांगणाऱ्या जंगमाचं बी नसतंय."

तर त्या गिऱ्हाइकांत एक होती प्रीती. मूळची माकणीची. पुण्यात आठवडाभर कंपनीत नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी डीजे. तिच्यासाठी नंदीश नेहमी कडक प्लॅस्टिकच्या तबकड्या कापायचा, कारण ती पोरगी तबकडी अशी रगडायची की मऊ असती तर दोन कार्यक्रमांत भुगा झाला असता. पण एप्रिल सरता सरता ती एकटी आली नाही. सोबत तिचे आजोबा होते, पिराजी. पांढरं धोतर, निळी टोपी, आणि गळ्याशी हात. गळ्यात गाठ होती.

"सोलापूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय," प्रीती म्हणाली. "जीव वाचंल म्हणले. आवाज न्हाय वाचणार."

पिराजीबाबांचा जलसा एके काळी लोहाऱ्यापासून तुळजापूरपर्यंत गाजलेला. चौदा एप्रिलला एका रात्रीत तीन-तीन गावांना बोलावणं असायचं. गाणी स्वतःची, स्वतः रचलेली, आणि एकही कागदावर नाही. सगळी डोक्यात. मागं एकदा कुणीतरी त्यांचं गाणं मोबाईलवर उतरवून नेलं आणि महिन्याभरात ते दुसऱ्याच माणसाच्या नावानं गावोगाव वाजायला लागलं. तेव्हापासून मोबाईल दिसला की बाबा तोंड मिटायचे. नातीनं लई विनवण्या केल्या तेव्हा एका अटीवर तयार झाले. एकच तबकडी. दुसरी प्रत न्हाय, मशिनीत काय शिल्लक ठेवायचं न्हाय.

नंदीशनं शब्द दिला आणि कॉम्प्युटरचं बटणच बंद केलं. माईकमधनं आवाज थेट कापायच्या सुईला.

"बाबा, कडक घेऊ का मऊ?" त्यानं विचारलं. "कडक टिकते, पण आवाज दाराआडनं आल्यासारखा येतो. मऊ म्हणजे आत पत्रा आणि वर लाखेसारखा लेप. तीत आवाज असा उतरतो की माणूस समोर बसलाय. पण दर वेळी वाजली की थोडी थोडी झिजते. फार वेळा नाही वाजायची."

पिराजीबाबा हसले. "आवाज माझाच उतरू दे, लेका. टिकायचं म्हणशील तर मी तरी कुठं टिकतोय?"

मग ते गायले. दोन गाणी. दुसरं अंगठ्याचं. पोरगा शाळेतनं येतो आणि आईला म्हणतो, अंगठ्याची शाई धुऊन टाक गं माये, तुझा लेक अक्षर घेऊन आलाय. नागम्मा चहा घेऊन दारात आली होती ती तशीच उभी राहिली. चहावर साय धरली. तिचाही जन्म अंगठा उठवण्यात गेलेला. गाणं संपलं तेव्हा तिनं पदरानं डोळे पुसले आणि चहा पुन्हा गरम करायला गेली.

"ऐकवता का?" प्रीतीनं विचारलं.

"आत्ता नको," नंदीश म्हणाला. "मऊ तबकडी पहिल्यांदा वाजते ती सगळ्यात सुंदर. ती पहिली वेळ इथं कशाला घालवायची? तुमच्या माणसांत ऐका."

बाबांना ते पटलं. ठरलं असं, की विजयादशमीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, माकणीच्या विहारापुढं सगळ्यांच्या देखत ती लावायची. तोवर ठेवायची कुठं? प्रीतीची पुण्यातली खोली गच्चीवरची, तव्यासारखी तापणारी. माकणीच्या घरावर पत्रे. म्हणून तबकडी नंदीशच्याच गारव्याच्या कपाटात राहिली, पाकिटात, उभी. ऑपरेशन झालं. बाबा वाचले. आवाज गेला. तबकडीवरचं गाणं अजून त्यांनी स्वतः ऐकलं नव्हतं, कुणीच ऐकलं नव्हतं. जे काही होतं ते त्या कपाटात होतं.

आता या गोष्टीतली खंडेनवमी.

आपल्याकडं खंडेनवमीला हत्यारं पुजतात. कोयता, वखर, ट्रॅक्टर, शिलाई मशीन, ज्याचं पोट ज्यावर चालतं ते. आणि पुजायचं तर झाकून पुजायचं नसतं. सगळं बाहेर काढून, उघडं करून, मांडून पुजायचं. नंदीश सकाळी कुरिअरला गेला होता. प्रीती दुसऱ्या दिवशी येणार म्हणून त्यानं कपाटाची किल्ली टेबलावरच ठेवलेली. नागम्मानं आंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसली, ताट घेऊन दुकानात आली. कापायच्या मशिनीला विभूतीचे तीन पट्टे. स्क्रू-ड्रायव्हरला पट्टे. इस्त्रीला पट्टे. पंख्याच्या बटणालासुद्धा एक बारका पट्टा. मग तिला पिराजीबाबांची तबकडी आठवली. सगळ्या दुकानात तिला जीव लावावा असं तेवढंच तर होतं. ती कपाटात कोंडून ठेवायची आणि इस्त्रीची पूजा करायची, हे तिच्या मनाला कसं पटावं?

नंदीश परत आला तेव्हा दुकानात उदबत्तीचा वास होता, आणि टेबलाच्या मधोमध, धुतलेल्या पाटावर, पाकिटातनं काढलेली तबकडी. काळ्यावर तीन बोटांचे पांढरे रुंद पट्टे. खाली, मधल्या कागदाला लागून, कुंकवाचा ठसठशीत टिळा. वर झेंडूचं फूल.

त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

"अव्वा! काय केलंस हे?"

"काय केलं? पूजा केली." नागम्मा अजून हसतच होती. "कागदावर बाबांचं नाव हाय न्हवं, नावावर कसं लावू? म्हणून काळ्यावर लावलं."

"काळ्यावर! अगं, रोज घसा कोरडा करून सांगतो, काळ्यावर बोट लावू नका, बोट लावू नका! तू रोज ऐकतेस!"

"ते खरकट्या हाताच्या लोकास्नी, रे. म्या आंघोळ करून लावलं. सोवळ्यानं."

नंदीशनं डोक्याला हात लावला. आईचं सोवळं आणि त्याचं सोवळं, शब्द एक आणि अर्थाची गाठच नाही. पण त्या वेळी त्याला ते सुचलं नाही, त्याला राग आला. "राख आहे ती अव्वा, राख! भांडी घासायची राख! सुई फिरली की त्या राखेनं आवाज खरवडून निघणार. आणि या आवाजाची दुसरी प्रत नाही. बाबांच्या गळ्यातसुद्धा नाही आता!"

नागम्माचं हसू गेलं. तिनं ताट खाली ठेवलं आणि भिंतीला टेकून बसली. लेक असा कधी ओरडला नव्हता, आणि तिनंही असं नुकसान कुणाचं कधी केलं नव्हतं.

नंदीशनं बॅटरीवाल्याकडनं डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणला. नळाचं पाणी चालत नाही, त्याचा क्षार रेघांत वाळून बसतो. स्पिरिट तर मऊ लेपाला विषच, लेप उचकटून येतो. भांड्याच्या साबणाचा एक थेंब पाण्यात टाकला, तबकडी तिरकी धरली, आणि कडेकडेनं धार सोडत राहिला. घासायचं नाही. बोट नाही, फडकं नाही. विभूती विरघळत पांढरी होऊन वाहून गेली. पुन्हा धार. पुन्हा. मग भिंग लावून पाहिलं. बहुतेक रेघा स्वच्छ. पण टिळ्याची जागा? दिव्याच्या वातीला लागलेलं नागम्माचं तेलकट बोट कुंकवात बुडालं होतं, आणि ते कुंकू राखेला घेऊन रेघांच्या तळाशी चिकटून बसलं होतं. सुई कडेकडनं आत येते, तेव्हा मधल्या कागदालगतच्या रेघा म्हणजे शेवटचं गाणं. शेवटचं कडवं.

मऊ ब्रश टेकवून पाहावा असं त्याला दोनदा वाटलं. दोनदा हात मागं घेतला. ब्रशानं ती राख रेघांच्या भिंतींवर रगडली जाणार. मग वाजवून बघावं? वाजवून बघितल्याशिवाय कळणार नाही, आणि वाजवलं तर जे वाचलंय तेही सुई घेऊन जाणार. आयुष्यभर लोकांना शहाणपण शिकवणाऱ्या नंदीशला अशी अडचण कधी आली नव्हती. त्यानं तबकडी उभी करून वाळत ठेवली आणि प्रीतीला फोन लावला. ती पुण्याच्या स्टँडवर होती, मागं गाड्यांचा गलका. "दादा, प्लेट तयार आहे ना?" तिनं इतक्या आनंदानं विचारलं की हा "हो, ये तू," म्हणाला आणि फोन ठेवून स्वतःलाच शिव्या घालत बसला.

दसऱ्याच्या सकाळी प्रीती बसमधनं उतरून थेट दुकानात आली. खांद्याला हेडफोन, हातात फुलांची पिशवी. नंदीशनं तिला बसायलासुद्धा सांगितलं नाही. उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. टिळा दाखवला, भिंग दिलं. ती बराच वेळ भिंगातनं पाहत राहिली.

"वाजेल का?"

"वाजेल. शेवटी काय होईल ते मला सांगता येत नाही. आणि प्रीती, पुन्हा तशी वाजणार नाही. चूक माझी. किल्ली मी टेबलावर ठेवली."

प्रीतीच्या डोळ्यांत पाणी आलं. रागही आलाच होता. "दादा, माझ्या आजोबांचा आवाज तुमच्या भरवशावर ठेवला होता मी. आणि वर विभूती? आमच्यात हे चालत नाही, तुम्हाला माहीत आहे. विहारात, धम्मचक्राच्या दिवशी, कुंकू लागलेली प्लेट घेऊन जाऊ मी?"

तेवढ्यात आतलं दार उघडलं. नागम्मा, ठेवणीतलं लुगडं नेसलेली, पायांत चपला.

"चला," ती म्हणाली.

"तू कुठं, अव्वा?"

"माकणीला. लावलं म्या, सांगणार बी म्याच. पोरगी कशाला बोलणी खाईल?"

नंदीशच्या जुन्या व्हॅनमध्ये तबकडी वाजवायचं मशीन चादरीत गुंडाळून ठेवलं. तबकडी प्रीतीच्या मांडीवर, उभी, दोन्ही हातांनी कडेनं धरलेली. नागम्मा मागं. माकणीजवळ धरणाचं पाणी दिसलं तेव्हा नागम्मा एवढंच म्हणाली, "लई पाणी हाय की यंदा."

पिराजीबाबा अंगणात बाजेवर होते. गळ्याला पांढरं फडकं, ते झाकायला पंचा. शेजारी त्यांची बायको पुतळाबाई. ऑपरेशननंतर घरातला कारभारच असा झाला होता, की बाबा नुसते ओठ हलवायचे आणि पुतळाबाई ते मोठ्यानं सांगायची. तिच्याशिवाय कुणालाच ते ओठ वाचता यायचे नाहीत. बाबांनी हात जोडून जय भीम केला. नागम्मा आपल्या रीतीनं "शरणु" म्हणाली आणि सरळ जमिनीवर बसली.

"बाबा, तुमची थाळी म्या बिघडवली," तिनं सुरुवात केली. "नवमीला हत्यारं पुजतेत आमच्यात. तुमचं गाणं मला लई लागलं व्हतं. म्हणून पाकिटातनं काढली, आंघोळ करून, सोवळ्यानं विभूती लावली. कुंकू लावलं. तुमच्यात चालत न्हाय ते ध्यानात न्हाय आलं. आणि ते राखंनं खराब हुतं, ते तर मला ठावंच न्हवतं. आता काय बोलायचं ते मला बोला, ह्या पोरास्नी नगं."

बाबा तिच्याकडं पाहत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आधी नंदीशला वाटलं रडताहेत. हसत होते. आवाज नसलेलं हसू, पण पोट धरून. ओठ हलले.

"ह्ये म्हणतेत," पुतळाबाई म्हणाली, "देव न्हाय लागला, राख लागली. राख काय, धुता येती."

पुन्हा ओठ हलले. या वेळी पुतळाबाई हळू म्हणाली, "म्हणतेत, जल्म गेला, आमच्या गाण्याला सोवळ्यात कुणी हात लावला न्हवता. आज लावला तर त्यात बी गाणंच खराब झालं व्हय?"

नागम्माला एकदम रडू फुटलं. पुतळाबाईनं तिला पाणी दिलं. "रडू नगा हो अक्का. घ्या. ह्यांची थट्टा करायची सवयच हाय."

उन्हं कलली तशी विहारापुढं माणसं जमली. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, पोरंबाळं. वंदना झाली, दोघंतिघं बोलले. मग प्रीतीनं नवी सुई लावली, सुई धरणाऱ्या काट्याचं वजन होईल तितकं हलकं केलं, आणि बाबांना पहिल्या ओळीत खुर्चीवर बसवून सुई टेकवली. नंदीश मशीनला खेटून उभा.

आधी थोडी खरखर. आणि मग पिराजीबाबा. अहो, तो आवाज! तो मशीनमधनं येतोय असं वाटतच नव्हतं. श्वास घेतलेला ऐकू येत होता. ओळ संपताना जिभेचा बारका आवाज, तोही. पहिल्या ओळीलाच एक म्हातारा उठून उभा राहिला, आणि एकेकाळी बाबांच्या मागं ओळ उचलून झील धरणारे दोघं उरलेले साथीदार एकमेकांचा हात धरून बसले. बाबा स्वतःला ऐकत होते. तोंड किंचित उघडं, डोळे मिटलेले. नंदीशचा जीव भांड्यात पडला. पहिलं गाणं निर्मळ पार पडलं.

अंगठ्याचं गाणं सुरू झालं. पहिलं कडवं. दुसरं कडवं. आणि शेवटच्या कडव्याला सुई टिळ्याच्या जागी पोचली. आधी एकेका फेऱ्याला एकेक कर्र. मग राख सुईच्या टोकाला साचत गेली. आवाज घोगरा झाला, मग गुदमरला, मग नुसतीच घरघर, तिच्याखाली कुठंतरी बाबा गात होते आणि शब्द कळेना. नंदीशला सहन होईना. एकेका फेऱ्याला ते कडवं कायमचं खरवडलं जात होतं. तो काटा उचलायला वाकला.

बाबांनी हात वर केला. राहू दे.

ते डोळे उघडून बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. जे तबकडीतनं ऐकू येत नव्हतं ते बाबा म्हणत होते, नेमकं त्याच लयीत, पण त्यातनं काही बाहेर पडत नव्हतं. सगळा गाव पाहत होता आणि कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. ते कडवं दुसऱ्या कुणाला पाठच नव्हतं. शेवटचं कडवं बाबा दर वेळी एकटे म्हणायचे, झीलकऱ्यांना त्यात जागा नव्हती.

पुतळाबाई शेजारीच होती. सवयीनं तिचं लक्ष त्यांच्या ओठांवर. आणि महिनोन्‌महिन्यांच्या सवयीनंच ती माणसांकडं वळून सांगायला लागली, ह्ये काय म्हणतेत ते. "पैलं नाव ल्हिलं माये..." एवढं ती नुसती बोलली. पण ते शब्द नुसते बोलायला तिलाही जमेनात. चालीशिवाय ते कधी तिच्या कानावर पडलेच नव्हते. तीच ओळ पुन्हा तिच्या तोंडून आली, ती चालीवरच:

"पैलं नाव ल्हिलं माये, तुजंच गं ल्हिलं,
पाटीवरचं पुसलं तरी भिंतीवर ऱ्हायलं."

जाडसर, साधा आवाज. कधी कुणापुढं न काढलेला. पण सूर असा खणखणीत लागला की मागची पोरं गप्प झाली. घरघर चालूच होती, आणि तिच्यावर पुतळाबाई उभी राहून गात होती, पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून. बाबांचे ओठ थांबले. त्यांनी एकदा तिच्याकडं पाहिलं आणि मग मांडीवर ताल धरला. दोन्ही म्हाताऱ्या झीलकऱ्यांनी ओळ उचलली. जन्मभर ज्यांच्यामागं इतरांनी झील धरली ते पिराजीबाबा ताल देत होते, आणि पुढं बायको गात होती. प्रीती मशीनशी उभी राहून ओक्साबोक्शी रडत होती. नागम्मा तर कधीच उठून पुतळाबाईच्या मागं जाऊन उभी राहिली होती, तिला शब्द येत नव्हते तरी.

गाणं संपलं. नंदीशनं काटा उचलला. सुईच्या टोकाला राखाडी गाठ. तबकडी उजेडात तिरकी धरून त्यानं पाहिली आणि प्रीतीला खरं ते सांगितलं, "ते कडवं गेलं. बाकी आहे. शेवटचं कडवं बाबांच्या आवाजात आता नाही."

प्रीतीनं मान हलवली. तिनं तबकडी कडेनं धरून पाकिटात सरकवली.

बाबांनी पुतळाबाईला हातानं जवळ बोलावलं. ओठ हलले. पुतळाबाईनं ऐकलं, म्हणजे पाहिलं, आणि ती काहीच बोलेना.

"काय म्हणले, आजी?" प्रीतीनं विचारलं.

"काय न्हाय."

"सांगा की!" माणसांनी गलका केला. "बाबा काय म्हणले? सांगा, सांगा!"

पुतळाबाईनं पदर तोंडाला लावला. तिचे डोळे भरून आले होते.

"म्हणतेत, एवढा गळा घेऊन इतकी वर्सं कुठं व्हतीस?" ती म्हणाली. "आता काय सांगावं ह्यास्नी? घरातच व्हते की."